निष्ठा मागता येत नाही : रूथच्या कथेच्या निमित्ताने

'निष्ठा' हा शब्द आपल्या व्यवहारात बहुधा वरून खाली उच्चारला जातो. मालक नोकराकडून निष्ठेची अपेक्षा करतो, पक्ष कार्यकर्त्याकडून, गुरू शिष्याकडून आणि सासर सुनेकडून. उलट दिशेने हा शब्द क्वचितच वापरात येतो. मालकाने नोकराशी निष्ठा राखली, असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला अपरिचित वाटते. त्यामुळे साहित्यात जेव्हा एखाद्या स्त्रीच्या निष्ठेचा गौरव होतो, तेव्हा त्याकडे थोडे संशयाने पाहण्याची सवय आजच्या अभ्यासकाला जडली आहे, आणि ती सवय अनाठायी नाही. बायबलच्या जुन्या करारातील रूथ ही अशीच गौरवली गेलेली स्त्री आहे. प्रवचनांतून ती आदर्श सून म्हणून भेटते. स्त्रीवादी समीक्षेच्या एका शाखेला ती परक्या समाजात विरघळून गेलेली, स्वतःचे सारे गमावलेली स्त्री वाटते. ही दोन्ही वाचने संहितेला पुरी पडत नाहीत, असे माझे मत आहे. रूथची निष्ठा तिच्याकडून कोणी मागितलेली नव्हती. किंबहुना ती देऊ नकोस, असे तिला स्पष्टपणे सांगण्यात आले होते. या एका गोष्टीने कथेचा सारा अर्थ बदलतो.

हे पुस्तक अगदी लहान, म्हणजे चार अध्याय आणि पंच्याऐंशी ओव्या एवढेच आहे. कथेचा काळ शास्त्यांचा, म्हणजे इस्राएलात अजून राजा नसलेला. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. 'बेथलेहेम' या नावाचा अर्थच 'भाकरीचे घर', आणि त्या घरात भाकरी उरलेली नाही. अलीमलेख नावाचा गृहस्थ पत्नी नामी आणि दोन मुलगे यांना घेऊन मवाब देशात जातो. तेथे तो मरतो. मुलगे मवाबी मुलींशी लग्न करतात. एकीचे नाव अर्पा, दुसरीचे रूथ. दहाएक वर्षांत दोन्ही मुलगेही मरतात, आणि घरात तीन विधवा उरतात. मायदेशी पुन्हा धान्य पिकले आहे हे ऐकून नामी परतायला निघते, तेव्हा दोघी सुना तिच्याबरोबर निघतात. हा सारा मजकूर अवघ्या सात ओव्यांत संपतो. निवेदकाला तीन मृत्यूंविषयी विलाप करायचा नाही. त्याला त्या रस्त्यावर पोचण्याची घाई आहे.

कथेचा खरा आरंभ त्या रस्त्यावर होतो. नामी सुनांना सांगते की आपापल्या आईच्या घरी परत जा, तेथे तुमची पुन्हा लग्ने होतील. तिचा युक्तिवाद बिनतोड आहे. आता मला मुलगे होणार नाहीत, झाले तरी ते मोठे होईपर्यंत तुम्ही थांबणार का, असे ती विचारते. त्या समाजात विधवेला आधार म्हणजे नवरा किंवा मुलगा; नामीकडे दोन्ही नाहीत आणि देता येतील अशी शक्यताही नाही. अर्पा रडते, सासूचे चुंबन घेते आणि परत जाते. रूथ तिला बिलगून राहते. मूळ हिब्रूत येथे 'दावक' हे क्रियापद आहे. पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, तेथेही हेच क्रियापद येते. पतिपत्नीच्या ऐक्यासाठी वापरलेला शब्द एका सुनेच्या सासूशी असलेल्या नात्याला लावणे, हे सहज घडलेले नाही.

नामी पुन्हा सांगते की तुझी जाऊ तिच्या लोकांकडे आणि तिच्या देवाकडे गेली, तूही जा. यावर रूथ जे बोलते ते जगभर लग्नसमारंभांत वाचले जाते, आणि बहुतेक वेळा ते कोण कोणाला म्हणाले याचा विसर पडलेला असतो. तू जाशील तेथे मी येईन, राहशील तेथे राहीन. तुझे लोक आणि तुझा देव यांना मी आपले मानीन. आणि तुझ्या मृत्यूच्या ठिकाणीच मला मरण येवो, असा त्या बोलण्याचा आशय. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्या परंपरेत सावित्रीपासून निष्ठेची जी मोठी आख्याने आहेत, त्यांचा विषय बहुधा पती आहे. रूथचा पती मेलेला आहे, आणि तिच्या या भाषणात त्याचे नावही नाही. ती बोलते आहे ते एका म्हाताऱ्या, निर्धन, कडवट झालेल्या बाईशी, जिच्यापाशी द्यायला काही नाही. शिवाय ती आज्ञा मोडून बोलते आहे. सासूने पुन्हा पुन्हा दिलेला आदेश ती झुगारते. आज्ञाधारक सुनेचा आदर्श म्हणून रूथला पुढे करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे की या कथेत आज्ञाधारक ठरते ती अर्पा.

या पुस्तकाचा कणा असलेला हिब्रू शब्द 'हेसेद'. चार अध्यायांत तो तीनदा येतो. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देणे कठीण आहे. दया म्हणावे, तर दया करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. कर्तव्य म्हणावे, तर ते बंधनातून येते आणि ठरलेल्या मर्यादेपाशी संपते. प्रेम म्हणावे, तर त्यात कृतीची हमी नाही. हेसेद म्हणजे नात्यात राहून, नात्याने बांधून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊन, प्रत्यक्ष कृतीने केलेले भले. अर्पाने मेलेल्या नवऱ्याशी आणि सासूशी हेसेद केले, असे नामी स्वतःच म्हणते. म्हणजे अर्पा कर्तव्यात उणी पडलेली नाही. जेथे कर्तव्य संपले तेथून ती परतली, एवढेच. कथा तिला दोष देत नाही. पुढच्या ज्यू भाष्यकारांनी तिच्या नावाचा संबंध 'मान' या शब्दाशी जोडून तिला पाठ फिरवणारी ठरवले. मूळ संहितेत मात्र तिच्या वाट्याला अश्रू आणि आशीर्वाद यांखेरीज काही नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. अर्पाला परत जाण्याची पूर्ण मोकळीक होती, म्हणूनच रूथच्या न जाण्याला अर्थ आहे. परतीची वाट बंद असती, तर तिच्या सोबतीला निष्ठा कसे म्हणता आले असते?

आता श्रद्धेचा प्रश्न. रूथने देव बदलला, म्हणून धर्मांतराचा नमुना म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. परंतु कोणत्या देवाच्या ओढीने ती निघाली हे पाहावे. नामी त्या क्षणी ज्या देवाविषयी बोलते आहे, त्याचा हात माझ्याविरुद्ध उठला आहे, अशी तिची तक्रार आहे. रूथने या देवाचा एकही चमत्कार पाहिलेला नाही. पाहिले ते एकाच घरातील तीन मृत्यू. फिलिस ट्रिबल यांनी 1978 सालच्या 'गॉड अँड द ऱ्हेटॉरिक ऑफ सेक्शुअ‍ॅलिटी' या ग्रंथात रूथची तुलना अब्राहामाशी केली आहे. अब्राहामही आपला देश, आपले गोत सोडून निघाला. पण त्याला देवाने स्वतः बोलावले होते, वचन दिले होते, आणि त्याच्यासोबत पत्नी व मालमत्ता होती. रूथला बोलावणे नाही, वचन नाही, सोबतीला एक म्हातारी आणि तीही नको म्हणणारी. रूथची श्रद्धा सिद्धांताला दिलेल्या संमतीतून आलेली नाही. ती एका माणसाच्या वाटेने देवापाशी पोचते. आधी नामी, मग नामीचे लोक, मग नामीचा देव, असा तिच्या बोलण्यातला क्रमही हेच सांगतो.

या निष्ठेची पावती मात्र तिला लगेच मिळत नाही. रूथच्या त्या भाषणावर नामीचे उत्तर एवढेच की ती बोलायची थांबली. दोघी बेथलेहेमात पोचतात तेव्हा गाव गोळा होते. नामी म्हणते की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. हिब्रूत नामी म्हणजे गोड, रम्य; मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले, असे ती गावाला सांगते. तिच्या शेजारी रूथ उभी आहे. दिलेली निष्ठा घेणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाही, हा अनुभव इतक्या कमी शब्दांत मांडलेला क्वचितच वाचायला मिळतो. रूथ त्यावर काहीही बोलत नाही. दुसऱ्या अध्यायात ती बोलते ते पोटाच्या प्रश्नावर, सरवा वेचायला जाऊ का, असे.

'सरवा' हा शब्द मराठी बायबलमध्ये येतो, आणि आपल्या शेतीतला तो जुना शब्द आहे : पीक काढून नेल्यावर रानात मागे राहिलेली कणसे, शेंगा, दाणे. इस्राएली नियमशास्त्रात हा सरवा गरिबांचा हक्क होता. शेताचे कोपरे पुरते कापू नयेत, खाली पडलेली कणसे पुन्हा गोळा करू नयेत, ती गरीब आणि परका यांच्यासाठी ठेवावीत, असे लेवीय या ग्रंथात सांगितले आहे. 'अनुवाद' या ग्रंथात त्यात अनाथ आणि विधवा यांचीही भर पडते. रूथ गरीब, परकी आणि विधवा अशी तिन्ही आहे. तिच्या वैयक्तिक गुणांचे गोडवे गाताना ही बाजू नेहमी झाकली जाते. बेथलेहेमच्या रानात हा नियम पाळला जात नसता, तर दोघी उपाशी मेल्या असत्या. समाजाने दुर्बलासाठी शेताचा कोपरा राखून ठेवला होता, म्हणून एका दुर्बल स्त्रीची निष्ठा जगू शकली.

नियम कागदावर असणे आणि रानात पाळला जाणे यांतले अंतरही कथेला ठाऊक आहे. शेताचा मालक बवाज गड्यांना ताकीद देतो की हिला हात लावू नका, हिला टोचून बोलू नका. अशी ताकीद द्यावी लागते, याचा अर्थ एकट्या परक्या मुलीचे रानात काय होऊ शकते हे सर्वांना माहीत होते. बवाज एक पाऊल पुढे जातो. तो गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळायला सांगतो, आणि संध्याकाळी रूथ सातूचा एक एफा, म्हणजे चांगले ओझेभर धान्य, घेऊन घरी येते. दुपारच्या जेवणातले उरलेलेही तिने सासूसाठी बांधून आणलेले असते. निष्ठेची सारी मोठी वाक्ये पहिल्या अध्यायात संपली. दुसऱ्या अध्यायापासून निष्ठा म्हणजे उन्हात वाकून केलेले काम आहे.

तिसऱ्या अध्यायातील खळ्यावरची रात्र प्रवचनकार सहसा घाईने उरकतात. नामी बेत आखते : न्हाऊन, तेल लावून, चांगली वस्त्रे नेसून खळ्यावर जा, बवाज निजला की त्याच्या पायांवरचे पांघरूण बाजूला करून तेथे नीज, पुढे काय करायचे ते तो सांगेल. रूथ सारे तसेच करते. शेवटच्या सूचनेपाशी मात्र ती स्वतःचे ठरवते. तो काही सांगण्याआधी तीच त्याला सांगते की आपल्या पांघरुणाचा पदर माझ्यावर घाला, कारण तुम्ही आमचे सोडवणारे आप्त आहात. येथे हिब्रूत जो 'कानाफ' शब्द आहे, त्याचा अर्थ पंखही होतो आणि वस्त्राचा पदरही. तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस, असे बवाजच रानात म्हणाला होता. रूथ तोच शब्द त्याच्यापुढे ठेवते : देवाचे पंख म्हणालात, तर आता तुमचा पदर पुढे करा. आशीर्वाद देणाऱ्याला त्या आशीर्वादाचे साधन होण्याची आठवण करून देणारी ही स्त्री लीन आहे, असे मला म्हणवत नाही. साऱ्या पुस्तकात निवेदक देवाच्या थेट कृतीचा उल्लेख दोनदाच करतो, धान्य पिकल्याच्या वेळी आणि शेवटी गर्भ राहिल्याच्या वेळी. मधले सारे माणसांनी एकमेकांसाठी करायचे आहे.

चौथा अध्याय गावाच्या वेशीत घडतो. न्यायनिवाड्याची, खरेदीविक्रीची जागा तीच. बवाजपेक्षा जवळचा असा एक आप्त आहे. जमीन सोडवायला तो आनंदाने तयार होतो. पण तिच्याबरोबर मवाबी रूथही येते हे कळताच, माझ्या वतनाचे नुकसान होईल म्हणून माघार घेतो आणि पायतण काढून व्यवहार सोडतो. स्वतःचे नाव आणि वतन जपणाऱ्या या गृहस्थाला निवेदकाने नावच दिलेले नाही. हिब्रूत त्याला 'अमुकतमुक' अशा अर्थाने हाक मारली आहे. अर्पाप्रमाणे हाही कायद्याच्या चौकटीत आहे. पण अर्पापाशी काही नव्हते आणि याच्यापाशी पुष्कळ होते. निष्ठेचा हिशेब मांडताना कथा दोघांना एकच माप लावत नाही, हे तिचे मोठेपण.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करायला हवा. लॉरा डोनाल्डसन यांनी 1999 साली प्रसिद्ध झालेल्या 'द साइन ऑफ ऑर्पा' या निबंधात अमेरिकेतील मूळनिवासींच्या अनुभवातून ही कथा वाचली. ज्यांच्या भाषा, देव आणि घरे हिसकावली गेली, त्यांना स्वतःचे लोक सोडणारी रूथ आदर्श वाटणे शक्य नाही. आईच्या घरी परतणारी अर्पाच त्यांना आशेची खूण वाटते. या आक्षेपाला संहितेतही आधार आहे. रूथ गावात आल्यानंतरही पुन्हा पुन्हा 'मवाबी' म्हणून ओळखली जाते, आणि वेशीत तिच्याशी लग्न जाहीर करताना बवाजही तोच शब्द वापरतो. चौथ्या अध्यायात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. तिला मुलगा होतो, तेव्हा शेजारणी म्हणतात की नामीला मुलगा झाला. परक्याने निष्ठेची परीक्षा देत राहावे आणि शेवटी स्वतः दिसेनासे व्हावे, अशी ही अपेक्षा आजच्या स्थलांतरिताला चांगलीच ओळखीची असेल.

आक्षेप खोटा नाही. तरी तो पूर्ण सत्यही नाही, असे मला वाटते. ही कथा कोणाला उद्देशून सांगितली आहे, हे पाहावे लागते. ती मवाबी स्त्रियांना सांगितलेली नाही, इस्राएलला सांगितलेली आहे. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे 'अनुवाद' ग्रंथ सांगतो. एज्रा आणि नहेम्या यांच्या काळात, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, परक्या बायकांना घालवून देण्याची मोहीम झाली. रूथचे पुस्तक केव्हा लिहिले गेले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि काहींच्या मते ते त्या मोहिमेला दिलेले उत्तर आहे. काळ कोणताही असो, पुस्तक संपते ते वंशावळीने : रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. इस्राएलचा सर्वांत लाडका राजा एका मवाबी विधवेचा पणतू निघतो. 'तू आमच्यासारखी हो' असे रूथला सांगण्याचा तो प्रकार नाही. 'तुम्ही ज्यांना बाहेर ठेवता, त्यांच्यातून तुम्ही आला आहात' असे गावाला सांगण्याचा आहे. मत्तयाने येशूच्या वंशावळीत तामार, राहाब आणि उरियाची पत्नी यांच्याबरोबर रूथचेही नाव ठेवले, ते याच जाणिवेने ठेवले असावे.

आणि त्या शेजारणींनी आणखी एक वाक्य म्हटले आहे. नामीवर प्रेम करणारी ही सून तिला सात मुलांहून अधिक आहे, असे त्या म्हणतात. प्रेम करणे या अर्थाचे हिब्रू क्रियापद साऱ्या पुस्तकात येथे एकदाच येते, आणि ते बवाज-रूथ यांच्याविषयी नाही. रिकामी परत आले म्हणणाऱ्या नामीला, तू रिकामी नव्हतीस, हे अखेर गावातल्या बायका ऐकवतात.

नंतरच्या साहित्याने रूथला बरेचदा आपल्या मनाप्रमाणे घडवले. कीट्सच्या 1819 च्या नाइटिंगेलवरील कवितेत ती परक्या शेतात घराच्या आठवणीने रडते. मूळ कथेत अश्रू आहेत ते मवाबच्या रस्त्यावर, आणि तिघींचे. शेतात ती रडत नाही, वेचते. व्हिक्टर ह्यूगोच्या 1859 च्या प्रसिद्ध कवितेचे केंद्र निजलेला बवाज आहे. दोन्ही कविता थोर आहेत. पण बोलणारी, ठरवणारी रूथ त्यांत भेटत नाही. तिला भेटायचे तर मूळ पुस्तकाकडेच जावे लागते, ज्याचा निम्म्याहून अधिक भाग संवादांचा आहे.

मराठीपुरते बोलायचे तर या कथेला आपल्याकडे एक असाधारण भाषांतरकर्ती लाभली. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले; 1922 साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले आणि 1924 साली ते प्रसिद्ध झाले. साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीचा त्यांचा आग्रह होता. रमाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या, परक्या धर्मात गेल्या, आणि त्याबद्दल स्वकीयांकडून निष्ठाहीनतेचा आरोप त्यांनी जन्मभर सोसला. केडगावला त्यांनी ज्या विधवांना, दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा दिला, त्यांच्यात राहून दुष्काळ आणि तीन विधवांची ही कथा मराठीत उतरवताना त्यांना काय वाटले असेल, हे सांगता येणार नाही. पण मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात भाषांतरित धर्मग्रंथांना वाङ्मय म्हणून जागा देताना आपण अजून हात आखडता घेतो. रूथची ही चार अध्यायांची कथा केवळ ख्रिस्ती समाजाची ठेव म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही. संवादाने चरित्रे उभी करणारी लघुकथा म्हणून ती कोणत्याही कथावाङ्मयाच्या वर्गात शिकवता येईल.

रूथकडून निष्ठा शिकायची म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर मग थोडे वेगळे येते. ज्यांच्याकडून आपण निष्ठा मागतो, त्यांना रूथचे उदाहरण देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण नामीने ती मागितलीच नव्हती. तिने परत जा म्हटले, परतीची वाट मोकळी ठेवली आणि परतणाऱ्या सुनेला आशीर्वाद दिला. बवाजने कणसे गाळायला सांगितली, मग पदर पुढे केला, मग वेशीत उभा राहून सर्वांसमक्ष जबाबदारी घेतली. सून, नोकर, शिष्य, स्थलांतरित यांच्या निष्ठेविषयी ज्याला काही बोलायचे आहे, त्याने आधी आपल्या शेताचा कोपरा न कापता ठेवला आहे का, हे पाहावे. रूथची गोष्ट तिच्यासारख्यांपेक्षा बेथलेहेमच्या जमीनमालकांनी आणि वेशीत बसणाऱ्या पंचांनी अधिक वेळा वाचायला हवी.